विभाजित मतदान आणि अध्यक्षीय लाट

अमेरिकेत मतदार एकाच दिवशी अध्यक्ष, सिनेटर, प्रतिनिधिगृहाचा सदस्य, गव्हर्नर आणि कित्येक ठिकाणी परगण्याचा शेरीफही निवडतो. हे करताना काही पदांसाठी एका पक्षाला आणि काहींसाठी दुसऱ्या पक्षाला मत दिले, तर त्याला विभाजित मतदान (स्प्लिट-टिकिट) म्हणतात. सगळी मते एकाच पक्षाला देणारा तो ‘स्ट्रेट-टिकिट’ मतदार. लाटेवर अध्यक्ष निवडून येतो आणि त्याचा पक्ष काँग्रेसमध्ये, म्हणजे सिनेट आणि प्रतिनिधिगृह मिळून बनलेल्या संसदेत, आहे तिथेच राहतो, असे अनेकदा घडले आहे. ते बव्हंशी पहिल्या प्रकारच्या मतदारांमुळे.

एकोणिसाव्या शतकात असे मत देणे जिकिरीचे होते. पक्षच आपापल्या उमेदवारांची यादी छापून वाटत आणि मतदार ती पेटीत टाकी. एखादे नाव नको असेल तर ते खोडावे लागे किंवा त्यावर दुसऱ्या नावाची चिठ्ठी डकवावी लागे, तेही पक्षाच्या कार्यकर्त्यांच्या डोळ्यांदेखत. 1888 मध्ये मॅसॅच्युसेट्सने सरकारी गुप्त मतपत्रिकेचा कायदा केला आणि त्यात उमेदवारांची नावे पदवार मांडली. इंडियानाने मात्र पक्षवार रकाने ठेवले. अशा रकान्यावर एकच खूण करून अख्खा पक्ष निवडता येई. ही सोय लाटेतल्या पक्षाला फार मानवते, म्हणूनच ती ठेवावी की काढावी यावर राज्याराज्यांत भांडणे झाली. टेक्ससने ती 2020 च्या निवडणुकीपासून बंद केली.

लाट पक्षालाही तारते, याची ठळक उदाहरणे 1936 आणि 1964. 1936 मध्ये डेमोक्रॅट रूझवेल्टने 48 पैकी 46 राज्ये जिंकली तेव्हा प्रतिनिधिगृहात रिपब्लिकन शंभराच्या आत उरले. जॉन्सनच्या विजयात डेमोक्रॅटिक पक्ष 295 जागांवर पोचला, पण दोनच वर्षांनी त्यातल्या 47 गेल्या. लाटेवर आलेले लाट ओसरताच उघडे पडले. त्याच 1964 मध्ये मिशिगनने जॉन्सनला भरभरून मते दिली आणि रिपब्लिकन जॉर्ज रॉम्नी यांनाच पुन्हा गव्हर्नर केले.

याउलट 1956 मध्ये रिपब्लिकन आयझनहॉवरने 41 राज्ये जिंकूनही दोन्ही सभागृहे विरोधकांकडे राहिली. निवडून आलेल्या अध्यक्षावर 1848 नंतर अशी वेळ प्रथमच आली होती. 1972 चे चित्र तर अधिकच विचित्र. निक्सनला 60.7 टक्के मते आणि 49 राज्ये मिळाली. रिपब्लिकन पक्षाच्या पदरात मात्र प्रतिनिधिगृहात 12 जागांची भर पडली आणि सिनेटमध्ये उलट दोन कमी झाल्या. डेलावेअर निक्सनने सहज घेतले, पण तिथल्या मतदारांनी रिपब्लिकन सिनेटर बॉग्ज यांना जेमतेम तीन हजार मतांनी पाडून 29 वर्षांच्या जो बायडेन यांना निवडले. निक्सनची प्रचारयंत्रणा पक्षापेक्षा त्याच्यापुरतीच राबत होती, ही स्वपक्षीयांची तक्रार अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

पण खरे कारण दक्षिणेत होते. तिथला गोरा पुराणमतवादी मतदार अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन झाला होता, पण घराजवळच्या पदांसाठी अजून जुन्या डेमोक्रॅटिक नेत्यांनाच धरून होता. मिसिसिपीत निक्सनला तीन-चतुर्थांशाहून अधिक मते पडली आणि डेमोक्रॅट सिनेटर जेम्स ईस्टलंडही निवडून आले. या दोघांच्या विचारांत फारसे अंतर नव्हते, त्यामुळे मतदाराला आपण पक्ष बदलतो आहोत असे वाटण्याचे कारणच नव्हते. शिवाय विद्यमान सदस्याची ओळख, मतदारसंघात आणलेला निधी आणि केलेली कामे यांचाही आधार होता. अध्यक्षाला वेसण असावी म्हणून मतदार मुद्दाम मत फोडतो, हे स्पष्टीकरण लोकप्रिय आहे, पण त्यावर फार भार टाकू नये. तेवढा हिशेब करून मत देणारे थोडेच असतात.

1984 मध्येही रेगनने 49 राज्ये जिंकली आणि सिनेटमध्ये पक्षाच्या दोन जागा गेल्या. रेगनला कौल देणाऱ्या टेनेसीने डेमोक्रॅट अल गोर यांना आणि मॅसॅच्युसेट्सने त्यांच्याच पक्षाच्या जॉन केरी यांना सिनेटवर पाठवले.

पुढे दोन्ही पक्षांतले मधल्या विचारांचे नेते ओसरले, दक्षिण खालपर्यंत रिपब्लिकन झाली आणि मत फोडणारेही घटले. अध्यक्ष एका पक्षाचा आणि प्रतिनिधी दुसऱ्याचा, असे कौल 1972 मध्ये 435 पैकी सुमारे 190 मतदारसंघांनी दिले होते. 2020 मध्ये असे 16 उरले. 2016 मध्ये तर सिनेटची प्रत्येक जागा त्या राज्यात अध्यक्षपदासाठी सरस ठरलेल्या पक्षालाच मिळाली. मात्र 2024 मध्ये ॲरिझोना, मिशिगन, नेवाडा आणि विस्कॉन्सिन या चार राज्यांनी ट्रम्प यांना निवडून सिनेटवर डेमोक्रॅट पाठवले. या चारही राज्यांत ट्रम्प यांची आघाडी थोडक्याच मतांची होती.