भिंतीतला जिना दिवाणखान्यात कसा आला

पुण्यात आज बंगला किंवा दुमजली सदनिका बांधून घेणारा घरमालक वास्तुविशारदाला अगदी सुरुवातीलाच विचारतो, की जिना कुठून दिसेल. पेशवाईतल्या वाड्याचा धनी बहुधा तो कुठे झाकता येईल, हे विचारत असावा.

कसबा, शनिवार किंवा सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यांत माडीवर जाणारा जिना जाड भिंतीच्या पोटात किंवा ओसरीच्या कोपऱ्यात असे. तो सरळ एका दमात वर जाई. पायऱ्या उंच, पाऊल पुरते टेकणार नाही इतक्या अरुंद, आधाराला वरून सोडलेला दोर, आणि पुष्कळ ठिकाणी वरच्या तोंडाला बंद करता येणारी झडप. यात सुताराच्या कौशल्याची उणीव नव्हती. वाडा खणांच्या, म्हणजे दोन खांबांमधल्या गाळ्यांच्या, हिशेबाने उभा राही आणि जिन्यासाठी एखादा खण खर्ची घालणे कोणालाच नको असे; शिवाय ज्या वाटेने एका वेळी एकच माणूस चढू शकतो, ती राखायला सोपी असते. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या शनिवारवाड्याचे लाकडी मजले १८२८ च्या आगीत गेले आणि त्यांच्याबरोबर तिथले सागवानी जिनेही गेले. दिल्ली दरवाजापाशी नगारखान्याकडे आणि तटावर नेणाऱ्या दगडी पायऱ्या मात्र आजही चढता येतात.

प्रशस्त, वळणदार जिना इथे इंग्रजी अमदानीत, कॅम्पातले बंगले आणि सरकारी इमारती यांच्याबरोबर रुजला. त्यामागचे गणित युरोपात आधीच ठरलेले होते. फ्रेंच वास्तुतज्ज्ञ फ्रांस्वा ब्लाँडेल यांनी १६७५ च्या सुमारास माणसाच्या चालीवरून नियम मांडला, की पायरीच्या उंचीची दुप्पट आणि तिची पाऊल टेकायची रुंदी यांची बेरीज २४ फ्रेंच इंच, म्हणजे सुमारे ६५ सेंटिमीटर, असावी. सपाटीवर टाकलेले पाऊल चढताना आखडते, हे त्यातले साधे निरीक्षण मला आजही विलक्षण वाटते. पुढे वळणाऱ्या कठड्याची भूमिती पीटर निकल्सन (१७६५–१८४४) या स्कॉटिश सुताराने सुतारांना समजेल अशी लिहून काढली.

१२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरात नदीकाठच्या पेठांतले असंख्य वाडे कोसळले आणि त्यानंतरच्या बांधकामात सिमेंट काँक्रीटचा, मध्ये वळायला सपाट जागा (लँडिंग) असलेला दुपदरी जिना सर्रास झाला. उतरता स्लॅब ओतायचा, वर मोझॅक किंवा कोटा बसवायचा, बाजूला लोखंडी कठडा. जिना सुताराच्या हातून सेंटरिंगवाल्याकडे, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा बांधणाऱ्याकडे, गेला. राष्ट्रीय बांधकाम संहितेने राहत्या घरांसाठी पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि रुंदी कमीत कमी २५० मिलिमीटर अशी मर्यादा घातली, हे चांगलेच झाले.

आता मागणीप्रमाणे घडवलेल्या जिन्यामुळे सुतार, लोखंडकाम करणारा फॅब्रिकेटर आणि काचकाम करणारा एकाच जागी आले आहेत, पण कामाची सुरुवात अजूनही एका सरळ पट्टीनेच होते. खालच्या तयार फरशीपासून वरच्या तयार फरशीपर्यंतची उंची पट्टीवर घ्यायची आणि तिचे समान भाग पाडायचे: ३००० मिलिमीटर असेल तर १७ उठाव (पायरीच्या उभ्या उंच्या), प्रत्येकी साधारण १७६ मिलिमीटर. माप कच्च्या स्लॅबपासून घेतले आणि नंतर दोन्ही मजल्यांच्या फरशीची जाडी वेगळी निघाली, तर पहिली किंवा शेवटची पायरी इतरांपेक्षा दोनेक सेंटिमीटरने चुकते. डोळ्याला तो फरक दिसत नाही. पण चढणाऱ्याचे पाय दोन-तीन पायऱ्यांतच उंची पाठ करतात आणि नेमके तिथे अडखळतात. माझ्या मते लाकूड किंवा काच निवडण्याआधी घरमालकाने स्वतः उभे राहून हे माप तपासावे.

पाडलेल्या वाड्यांचे सागवान अजून विकले जाते आणि त्यातल्या काही तुळया कापून, रंधा मारून नव्या बंगल्यांत पायऱ्या म्हणून बसतात. जुन्या खिळ्यांची भोके त्यांत राहतात. चांगला सुतार ती लांबीने (पुट्टीने) बुजवत नाही, त्याच लाकडाची बारीक मेख ठोकतो.