गाऊट : वरण सोडण्याआधी वाचावयाची माहिती

पायाच्या सुजलेल्या अंगठ्यासाठी दुखण्याची गोळी मागायला आमच्या औषधी दुकानात येणारे बहुतेक ग्राहक दोन गोष्टी एका दमात सांगतात : यूरिक ॲसिड वाढले आहे आणि म्हणून घरी तुरीचे वरण बंद केले आहे. पहिली गोष्ट रक्ताच्या तपासणीतून कळते. दुसरीची बहुधा गरज नसते. जे खरोखर कमी करायला हवे, ते मात्र अनेक घरांत तसेच सुरू राहते, आणि म्हणूनच हे माहितीपत्रक काढले आहे.

आपल्या पेशींत आणि अन्नात प्युरीन नावाचे घटक असतात. ते मोडताना यूरिक ॲसिड तयार होते. त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग मूत्रपिंडांवाटे आणि उरलेला आतड्यांवाटे बाहेर पडतो. रक्तातील त्याचे प्रमाण दर डेसिलिटरला ६.८ मिलिग्रॅमच्या वर दीर्घकाळ राहिले की ते पूर्णपणे विरघळून राहत नाही आणि सुईसारखे बारीक स्फटिक सांध्यांत साचू लागतात. या स्फटिकांमुळे सांधा अचानक सुजून दुखतो, त्या आजाराला गाऊट म्हणतात. झटका बहुधा रात्री किंवा पहाटे येतो, चोवीस तासांच्या आत दुखणे टोकाला जाते, अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सोसत नाही, आणि एक-दोन आठवड्यांत औषधाशिवायही सूज उतरते. फसगत होते ती इथेच. दुखणे थांबले म्हणजे आजार गेला असे समजून माणूस पुन्हा वावरात कामाला लागतो. स्फटिक मात्र सांध्यातच असतात. पुढे झटके जवळजवळ येऊ लागतात, घोटा आणि गुडघाही धरला जातो, आणि काहींच्या बोटांवर किंवा कानाच्या पाळीवर पांढरट गाठी दिसू लागतात. हा आजार पुरुषांत अधिक आढळतो, स्त्रियांत तो बहुधा पाळी गेल्यानंतर दिसतो, आणि अनेकदा घराण्यातच असतो.

आता वरणाविषयी. डाळींत प्युरीन असते हे खरे. परंतु अमेरिकेत ४७,१५० पुरुषांची बारा वर्षे नोंद ठेवून केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांस आणि मासे अधिक खाणाऱ्यांत गाऊटचे प्रमाण वाढलेले दिसले, तर प्युरीन असलेल्या भाज्या खाणाऱ्यांत तसे आढळले नाही. दुग्धजन्य पदार्थ, विशेषतः कमी स्निग्धांशाचे, घेणाऱ्यांत तर ते कमी होते. आपल्याकडे ज्या घरात रोजचे प्रथिन तुरीच्या वरणातून, बेसनातून आणि उसळीतूनच मिळते, तेथे डाळ बंद करणे म्हणजे अशक्तपणाला आमंत्रण देणे होय. ज्वारीची भाकर, वाटीभर वरण, पालेभाजी आणि ताक हे जेवण गाऊटच्या रुग्णाला चालते. एखाद्या विशिष्ट पदार्थानंतर दरवेळी त्रास होतो असा अनुभव असेल, तर तेवढा पदार्थ टाळावा. सरसकट पथ्य करू नये. मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी डाळ मोजून खायला सांगितली असेल, तर ती गोष्ट वेगळी आणि तीच पाळावी.

खरी काटछाट मटणात करावी लागते. कलेजी, गुर्दा आणि भेजा पूर्ण टाळावेत. सुके झिंगे आणि सुकट यांचाही यात समावेश होतो, जरी ते चटणीपुरतेच वापरले जातात म्हणून कोणी मोजत नाही. मटण शिजताना त्यातील प्युरीनचा बराच भाग पाण्यात उतरतो, त्यामुळे ‘मी तुकडे खात नाही, फक्त रस्सा घेतो’ असे म्हणणाऱ्याने फारसे काही टाळलेले नसते. गुडघे दुखतात म्हणून खुरांचे सूप पाजण्याची आपल्याकडे पद्धत आहे. गाऊटच्या रुग्णाला ते देऊ नये. पोळ्याची कर आणि धुळवड हे दिवस टाळता येत नाहीत याची आम्हालाही कल्पना आहे. त्या दिवशी दोन तुकडे खाल्ले तर आभाळ कोसळत नाही, परंतु सलग दोन दिवस तीच भाजी गरम करून खाणे आणि सोबत दारू घेणे ही जोडी झटक्याला पुरेशी ठरते.

दारूविषयी स्पष्ट सांगावे लागेल. बिअरमध्ये अल्कोहोलसोबत प्युरीनही असते, म्हणून ती सर्वांत वाईट. देशी किंवा मोहाची घेतली तर चालते हा समज चुकीचा आहे, कारण कोणत्याही दारूने यूरिक ॲसिडची निर्मिती वाढते आणि मूत्रपिंडांकडून ते बाहेर टाकण्याचे काम मंदावते. दारू न पिणाऱ्यांनी गोड पेयांकडे पाहावे. साखरेतील फ्रुक्टोज यकृतात मोडताना यूरिक ॲसिड तयार होते, आणि त्यामुळे थंड पेयांच्या बाटल्या, डब्यातील फळांचे रस आणि रसवंतीवरचा उसाचा मोठा ग्लास हे सर्व हिशेबात येतात. अख्खे संत्रे जरूर खावे. त्याचा साखर घातलेला रस मात्र नको.

विदर्भातील उन्हाळा हा या आजाराचा स्वतंत्र विषय आहे. पारा ४५ अंशांवर जातो, शेतात घाम गाळणारा माणूस दिवसभर एका बाटलीवर काढतो, लघवी गडद पिवळी होते आणि रक्तातील यूरिक ॲसिड दाट होत जाते. मुतखड्याचा धोकाही याच काळात वाढतो. तहान लागण्याची वाट न पाहता कामाच्या ठिकाणी पाण्याचा मोठा कॅन सोबत न्यावा आणि लघवीचा रंग फिका राहील इतके पाणी प्यावे. पातळ मठ्ठा उत्तमच, पण रक्तदाब असणाऱ्यांनी त्यात मीठ घालू नये. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. निर्जळी उपवास या रुग्णांनी करू नयेत. वजन कमी करणे फायद्याचे आहे, परंतु ते सावकाश उतरवावे, कारण एकदम उपाशी राहिल्यानेही यूरिक ॲसिड वाढते.

झटका आला असता पाय उंच ठेवून विश्रांती घ्यावी आणि कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा. मालीश करू नये. सुजलेल्या सांध्याला बिब्बा लावून कातडी भाजून घेतलेले रुग्ण अजूनही दिसतात. बिब्ब्याने फोड येतात, आतल्या स्फटिकांना काहीही होत नाही. सांध्यासोबत ताप आणि थंडी वाजत असेल, तर तो सांध्यातील जंतुसंसर्ग असू शकतो, आणि अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

दुखण्याच्या गोळ्या आम्हीच विकतो, तरीही सांगतो की त्या स्वतःच्या मनाने वारंवार घेऊ नयेत. मूत्रपिंड, पोटातील व्रण आणि रक्तदाब यांच्या दृष्टीने त्या धोक्याच्या ठरू शकतात. आठवडी बाजारात सांधेदुखीच्या नावाने मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुड्याही टाळाव्यात. अशा औषधांत स्टेरॉईड मिसळल्याचे आढळून आलेले आहे.

पथ्याची मर्यादाही माहीत असावी. बहुतेक यूरिक ॲसिड शरीर स्वतःच तयार करते, त्यामुळे काटेकोर आहारानेही ते साधारण एक मिलिग्रॅमच्या आसपासच खाली येते. वारंवार झटके, गाठी किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना म्हणून डॉक्टर ॲलोप्युरिनॉलसारखी गोळी देतात. तिची मात्रा कमीपासून सुरू करून हळूहळू वाढवली जाते आणि प्रमाण ६ च्या खाली ठेवले जाते. सुरुवातीच्या महिन्यांत झटके येऊ शकतात. त्यामुळे गोळी उलटली असे समजून ती बंद करू नये. मात्र अंगावर पुरळ उठले तर ती ताबडतोब थांबवून डॉक्टरांकडे जावे. याउलट, कधीही झटका आलेला नसताना केवळ रिपोर्टमध्ये आकडा वाढलेला दिसला, तर सहसा गोळीची गरज नसते.

झटक्याच्या दिवसांत यूरिक ॲसिडचा आकडा कधीकधी सामान्यही येतो. रिपोर्ट चांगला आला म्हणून गाऊट नाही असे ठरवू नये आणि दोन-चार आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनीही यूरिक ॲसिड वाढते. त्या परस्पर बंद न करता डॉक्टरांना त्याबद्दल विचारावे, आणि त्यासाठी दवाखान्यात जाताना सुरू असलेल्या सर्व गोळ्यांची पाने आणि जुने रिपोर्ट एकाच पिशवीत सोबत न्यावेत. कोणती गोळी कशासाठी आहे हे कळत नसेल, तर ती पिशवी आधी आमच्याकडे आणावी. आम्ही पानांवर मराठीत लिहून देऊ.