रोजचा काढा आला कुठून? गुळवेलीच्या वादामागची पार्श्वभूमी

थंडीत रोज सकाळी उपाशीपोटी काढा घ्यायचा ही पद्धत परंपरेची म्हणून सांगितली जाते. तिचे आजचे रूप मात्र 2020 नंतरचे आहे. या काढ्याबरोबर रोज घेतली जाऊ लागलेली गुळवेल ही कडू औषधी वेल यकृताला बाधते का, हा वादही तेव्हापासूनचाच.

चरकसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातली हेमंत ऋतूची चर्या वेगळीच आहे. थंडीत जठराग्नी प्रबळ होतो, त्याला पुरेसे अन्न मिळाले नाही तर तो शरीरातला रसच जाळू लागतो. म्हणून दूध, उसापासूनचे पदार्थ, स्निग्ध आहार, नवा तांदूळ आणि अंगाला तेल. दिवाळीचे अभ्यंगस्नान, डिंकाचे आणि मेथीचे लाडू, अळिवाची खीर, तीळ-बाजरी हे सगळे याच वळणाचे. सुंठ यायची ती लाडवातून, गवती चहा आणि आले चहातून. काढा असायचा आजारपणातला. खोकल्याला अडुळसा-ज्येष्ठमध, तापाला गुळवेल, आणि बरे वाटले की बंद. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्याच दुसऱ्या ग्रंथातले प्रमाण पाहिले तर औषधाच्या भरडीच्या सोळापट पाणी घालून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचे. असले कडूजहर पेय कोणी हौसेने महिनोन्‌महिने घेत नसे.

करोनाच्या पहिल्या लाटेत हे बदलले. एप्रिल 2020 मध्ये केंद्राच्या आयुष मंत्रालयाकडून तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन आणि काळी मिरी एक असे मिश्रण सुचवले गेले. तीन ग्रॅम पूड, 150 मिलिलिटर उकळते पाणी, चहासारखे दिवसातून एकदा किंवा दोनदा. हे सौम्य होते, स्वयंपाकघरातलेच होते, आणि लोकांनी ते मनापासून स्वीकारले. त्याच वर्षी ऑक्टोबरमधल्या उपचारविषयक सूचनांमध्ये गुळवेलीची गोळीही आली. तिथे पंधरा दिवस, महिना किंवा वैद्याच्या सल्ल्याने, अशी मुदत होती. बाजारात पोचली ती गोळी. मुदत पोचली नाही. सगळ्या गुंत्याचे मूळ मला इथे दिसते. मसाल्याच्या डब्यातली सुंठ आणि ज्वरावरची गुळवेल एकाच ‘प्रतिकारशक्ती’च्या पिशवीत पडली.

सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात मुंबईतल्या एका रुग्णालयात कावीळ आणि यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले. सर्वांनी गुळवेल घेतली होती. यकृततज्ज्ञांनी हे 2021 मध्ये प्रसिद्ध केले. सरकारी खुलासा लगोलग आला: रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती हे तपासलेलेच नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते, गुळवेल सुरक्षित आहे. पुढे देशभरातल्या 13 केंद्रांमधल्या 43 रुग्णांचा अभ्यास आला, त्यावरही फेब्रुवारी 2022 मध्ये तसाच खुलासा झाला. डॉक्टरांना तो पटला नाही. अनेक रुग्णांमध्ये इजेचे स्वरूप स्वप्रतिकारक यकृतदाहासारखे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते त्या आजारासारखे होते, आणि प्रतिकारशक्ती चेतवणारे औषध अशा प्रकृतीला बाधू शकते, असे त्यांचे म्हणणे.

सारख्या दिसणाऱ्या वेलीचा मुद्दा खोटा नाही. आयुष मंत्रालयाच्या ऑक्टोबर 2021 च्या सूचनापत्रात खुणा दिल्या होत्या: खऱ्या गुळवेलीचे खोड हिरवट, त्यावर गाठी नाहीत, चीक नाही, फुलाला सहा पाकळ्या, फळे गोल आणि लाल, दुसरीचे खोड करडे आणि गाठीगाठींचे, चीक दुधासारखा, पाकळ्या तीन, फळे लांबट नारिंगी. आपल्याकडे आणखी एक बहीण आहे, पानाच्या खालच्या अंगाला लव असलेली, तीही गुळवेल म्हणून खपते. परसातल्या कडुलिंबावर चढलेली वेल तोडून आणणाऱ्या जुन्या माणसाला हा फरक बोटांनी कळायचा.

पण खोड, पान, फूल पाहून वनस्पती ओळखा हा सल्ला पूड आणि गोळी विकत घेणाऱ्याच्या काय कामाचा? ओळखायचे काम विकणाऱ्याचे आणि त्याला परवाना देणाऱ्याचे होते. त्या खुलाशांमध्ये भर वनस्पतीच्या निर्दोषपणावर राहिला. डबीत काय आहे आणि किती दिवस घ्यायचे, हे प्रश्न मागे पडले. वैद्याच्या सल्ल्याने घ्या, हे वाक्य मात्र सरकारी पत्रकांमध्येही होते.

गवती चहा, आले, तुळस घालून उकळलेला चहा या वादात कधीच नव्हता.