नाझारे

नाझारे : पोर्तुगालच्या अटलांटिक किनाऱ्यावरचे एक जुने मच्छीमार शहर. लिस्बनच्या उत्तरेस सुमारे 120 किमी. अंतरावर, लैरिया जिल्ह्यात ते वसले आहे. याच नावाच्या पालिका क्षेत्राचे ते मुख्य ठिकाण असून या क्षेत्राची लोकसंख्या सुमारे 15,000 आहे. गेल्या काही वर्षांत हिवाळ्यातल्या प्रचंड लाटांमुळे त्याचे नाव जगभर पोचले. पण लाटांच्या चित्रफितींत दिसते ते या शहराचे एक टोक. बाकीचे शहर समजून घ्यायचे तर ते तीन वस्त्यांचे मिळून झाले आहे, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. टेकडीवरची पेदर्नैरा, कड्यावरचे सीतियू आणि खाली पुळणीवरची प्राया. तिन्ही एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि तिन्ही वेगवेगळ्या शतकांत मोठ्या झाल्या. समुद्र जसजसा हटला, जसजशी वाळू साचली, तसतसे गाव जागा बदलत गेले.

पेदर्नैरा सर्वांत जुनी. या शब्दाचा पोर्तुगीज अर्थ गारगोटी, म्हणजे ठिणगी पाडण्याचा दगड. टेकडीच्या पायथ्याशी मध्ययुगात एक मोठी खाजण-खाडी होती आणि तिच्यात जहाजे आत येत. हा सगळा मुलूख 1153 मध्ये स्थापन झालेल्या आल्कोबासाच्या मठाच्या, म्हणजे सिस्टर्शियन या ख्रिस्ती साधुपंथाच्या मठाच्या, ताब्यात होता. मठाला मासळी, मीठ आणि बंदराचे उत्पन्न येथून मिळे. उत्तरेकडे लैरियाचे पाइनचे राजवन पसरलेले असल्याने लाकडाला तोटा नव्हता, आणि पेदर्नैरात जहाजबांधणी भरभराटीला आली. 1514 मध्ये राजा मानुएल पहिला याने गावाला सनद दिली, तो तिच्या वैभवाचा काळ. पुढे खाडी गाळाने भरत गेली. आल्कोआ नदी वरून माती आणत राहिली, समुद्र मुखाशी वाळू टाकत राहिला, आणि शेवटी बंदराची शेतजमीन झाली. आज तेथे वालादु दुश फ्रादिश या गावची शेते आहेत. नावातल्या ‘फ्रादिश’चा अर्थ मठातले साधू, म्हणजे जमिनीचे जुने धनी नावापुरते अजून तिथेच आहेत. पेदर्नैराच्या चौकात जुन्या पालिकेचा अधिकारस्तंभ उभा आहे. तो घडवलेल्या दगडाचा नसून अश्मीभूत झाडाचे खोड आहे. बंदर गेले तरी पालिकेचे नाव बराच काळ पेदर्नैराच राहिले. 1912 मध्ये ते बदलून नाझारे झाले.

हे नवे नाव आले कड्यावरून. शहराच्या उत्तरेला समुद्रात घुसलेला सुमारे 110 मी. उंचीचा सरळसोट कडा आहे. त्याच्या माथ्यावरची वस्ती म्हणजे सीतियू. येथल्या चर्चमध्ये येशूच्या आईची, मेरी मातेची, एक लहानशी, वीत-दीड वीत उंचीची, काळपट लाकडी मूर्ती आहे. माता बाळाला स्तनपान करते आहे. आख्यायिका अशी की ही मूर्ती पॅलेस्टाइनमधल्या नाझरेथहून एका साधूने स्पेनमधल्या मेरिदाजवळच्या मठात आणली. 711 मध्ये मुसलमानी फौजांकडून पराभव झाल्यावर स्पेनचा राजा रोद्रिगु आणि साधू रोमानु ती घेऊन पश्चिमेकडे पळाले आणि साधूने ती या कड्यावरच्या कपारीत ठेवली. नंतर आला 14 सप्टेंबर 1182 चा दिवस. पोर्तु द मॉश येथील किल्लेदार फुआस रूपिन्यू हरणाच्या मागे घोडा फेकत होता. दाट धुके होते. हरीण कड्यावरून खाली गेले आणि घोड्याचे पुढचे पाय अधांतरी आले तेव्हा त्याने जवळच्या कपारीतल्या मातेचा धावा केला. घोडा जागीच थिजला. कड्याच्या टोकावरच्या खडकात त्या घोड्याच्या टापेची खूण आजही भाविकांना दाखवतात.

ही कथा आज ज्या तपशिलाने सांगितली जाते, तो तपशील बराचसा 1600 च्या आसपास लिहिणाऱ्या बेर्नार्दु द ब्रितु या आल्कोबासाच्या साधू-इतिहासकाराच्या लेखनातून पसरला. त्याने पुढे केलेल्या कागदपत्रांवर पुढच्या अभ्यासकांनी फारसा भरवसा ठेवलेला नाही. पण क्षेत्र जुने आहे यात शंका नाही. राजा फर्नांदु पहिला याने 1377 मध्ये यात्रेकरूंची गर्दी सामावण्यासाठी येथे मोठे चर्च बांधायला घेतले. आजच्या इमारतीचे रूप बरेच नंतरचे, बरोक शैलीचे असून आतल्या भिंतींवर 18व्या शतकाच्या आरंभी हॉलंडहून आणलेल्या निळ्या फरशा आहेत. मला विचाराल तर या मोठ्या चर्चपेक्षा कड्याच्या अगदी धारेवरची ‘स्मृतीची देवळी’ अधिक बोलकी आहे. चार माणसे उभी राहिली तर भरून जाईल एवढीच चौकोनी खोली, वर निमुळते छप्पर, आतून सगळीकडे निळ्या-पांढऱ्या फरशा. कोपऱ्यातल्या अरुंद पायऱ्या खाली कपारीत उतरतात. मूर्ती जिथे लपवली होती म्हणतात, ती हीच जागा. 8 सप्टेंबरला मातेचा मुख्य उत्सव असतो. त्या दिवसांत दूरदूरच्या गावांचे जथे नवस फेडायला येतात.

नाझारेचा आपल्याकडच्या इतिहासाशी संबंध जुळतो तो या देवस्थानातून. वास्को द गामा भारताच्या सफरीच्या निमित्ताने येथे दर्शनाला आला होता, अशी परंपरा आहे. तिची खूण म्हणून चौकाजवळ दगडी स्तंभ उभारला आहे. पोर्तुगीज जहाजे जिथे गेली तिथे ही माताही गेली. ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या मुखाजवळच्या बेलेंग शहरात 1793 पासून दर ऑक्टोबरात तिची मिरवणूक निघते आणि आज ती जगातल्या सर्वांत मोठ्या ख्रिस्ती मिरवणुकींपैकी एक मानली जाते. 1739 पर्यंत पोर्तुगिजांकडे असलेल्या वसई-साष्टीच्या पट्ट्यात, भाईंदरला, नाझरेथच्या मातेचेच चर्च आहे. भाईंदरच्या गाडीतून रोज ये-जा करणाऱ्या फार थोड्यांना या नावामागचा अटलांटिकचा कडा ठाऊक असेल.

सीतियूच्या टोकाला, कड्याच्या सोंडेवर साँव मिगेल आर्कांजुचा किल्ला आहे. 1577 मध्ये राजा सेबास्तियाँव याने किनाऱ्यावर उतरणाऱ्या चाच्यांपासून बचावासाठी तो बांधवला आणि 1644 मध्ये त्याला आजचा आकार आला. 1903 पासून त्याच्या माथ्यावर दीपगृह आहे. लाटा पाहायला लोक जमतात ते याच किल्ल्यावर. खाली उत्तरेकडे ‘प्राया दु नॉर्ति’, म्हणजे उत्तरेची पुळण, आहे.

या लाटांचे मूळ पाण्याखाली आहे. किल्ल्यासमोर, किनाऱ्यापासून एक किलोमीटरच्या आत एका सागरी घळईचे तोंड उघडते. तेथून ती पश्चिमेकडे सुमारे 230 किमी. जात जात 5,000 मी. खोलीपर्यंत उतरते. युरोपातल्या सर्वांत मोठ्या सागरी घळयांपैकी ही एक. भूकवचातल्या एका जुन्या प्रस्तरभंगाला धरून ती कोरली गेली आहे. उत्तर अटलांटिकच्या वादळांत उठलेल्या लांब पल्ल्याच्या लाटा हजारो किलोमीटर चालून येतात. उथळ पाण्यात लाटेचा तळ घासतो आणि तिचा वेग कमी होतो. घळईवरून येणाऱ्या भागाला मात्र तळ लागतच नाही. तो वेगात पुढे येतो आणि घळईच्या काठाशी वळून उत्तरेच्या उथळ पाण्याकडे झुकतो. तिथे शेजारून संथपणे येणारा, पण उंच होत गेलेला लाटेचा दुसरा भाग त्याला भेटतो. दोन शिखरे एकावर एक चढतात. भरीला किनाऱ्यालगतचा पाण्याचा प्रवाह समुद्राकडे उलटा परततो आणि लाटेला अजून उभी करतो. प्राया दु नॉर्तिवर लाट उभी राहते ती अशी. कड्याच्या दक्षिणेला, जेमतेम एखाद्या किलोमीटरवर, प्रायाच्या पुळणीवर त्याच वेळी पाणी कितीतरी शांत असते, कारण घळई आणि कडा दोघे मिळून लाटेचा जोर तिथून बाजूला वळवतात.

स्थानिक तरुण इथे छोट्या फळ्यांवर पोटावर पडून लाटा घेत असत. फळीवर उभे राहून लाटांवर स्वार होणारा (सर्फर) हवाईचा गॅरेट मॅकनमारा 2010 मध्ये नाझारेला आला आणि 1 नोव्हेंबर 2011 रोजी त्याने 78 फूट उंचीच्या लाटेवरून खाली येऊन सर्वांत उंच लाटेवर स्वार होण्याचा विक्रम केला. त्यानंतर ब्राझीलचा रोद्रिगु कोशा (नोव्हेंबर 2017, 80 फूट) आणि जर्मनीचा सेबास्टियन श्टॉयटनर (ऑक्टोबर 2020, 86 फूट, म्हणजे 26.21 मी.) यांनी तो पुढे नेला. तिन्ही विक्रम याच जागेवरचे. इतकी वेगवान लाट हातांनी वल्हवत पकडता येत नाही. पाण्यावरची मोटारसायकल दोरीने खेळाडूला ओढून लाटेवर सोडते आणि पडल्यावर त्याला उचलायलाही तीच धावते. ब्राझीलची माया गाबैरा 2013 मध्ये येथे बुडता बुडता वाचली. ती परत आली आणि 2018 मध्ये 68 फुटांची, 2020 मध्ये 73.5 फुटांची लाट घेऊन तिने महिलांचे विक्रम केले. 5 जानेवारी 2023 रोजी ब्राझीलचाच मार्सियु फ्रैरि याच लाटांत मरण पावला.

या लाटांचा शोध 2011 मध्ये लागला, असे लिहिले जाते ते नाझारेच्या म्हाताऱ्या बायांसमोर बोलून दाखवू नये. त्यांनी या समुद्राला नवरे, भाऊ आणि मुलगे दिले आहेत.

कड्याखालची प्राया ही वस्ती तिघींत सर्वांत तरुण. समुद्र हटून पुळण रुंद झाली आणि चाच्यांची भीती सरली, तसे 18व्या-19व्या शतकांत लोक खाली उतरून राहू लागले. उत्तरेकडच्या इल्यावुहून आलेल्या मच्छीमारांनी किनाऱ्यावरून जाळे ओढण्याची पद्धत आणली. तिथे तिला ‘शावेगा’ म्हणतात. मालवण-गोव्याच्या माणसाला ती समजावून सांगायची गरज नाही: ही रापणच. दोराचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी आत जाते, अर्धवर्तुळात जाळे सोडत फिरते आणि दुसरे टोक घेऊन परत येते. मग किनाऱ्यावरची माणसे दोन्ही बाजूंनी ओढत जाळे आणतात. नाझारेत माणसांच्या जोडीला बैलही जुंपत. होड्या सपाट तळाच्या, नाळ उंच आणि टोकदार, कित्येकींवर डोळा रंगवलेला. उन्हाळ्यात या किनाऱ्यावर खालचे थंड पाणी वर येते आणि त्याबरोबर तार्ली जातीच्या मासळीचे थवे येतात, म्हणून धंदा चाले.

अडचण एकच होती, पण ती जिवावरची. बंदर नव्हते. होडी पुळणीवरून वल्ह्यांच्या जोरावर फुटत्या लाटांतून आत न्यायची आणि त्याच लाटांतून परत आणायची. परतीची वेळ सर्वांत वाईट, कारण लाट मागून येते. होडी आडवी झाली की उलटलीच, आणि तीही घरच्यांच्या डोळ्यांदेखत. बायका वाळूवर बसून वाट पाहत. त्यांचा प्रसिद्ध सात परकरांचा पेहराव या वाट पाहण्याशी जोडला जातो: वरचे परकर डोक्यावरून-खांद्यावरून घेतले की वारा अडे, आतले पायांना ऊब देत. सात हा आकडा कोणी आठवड्याच्या दिवसांशी जोडतात, कोणी इंद्रधनुष्याच्या रंगांशी, तर कोणी म्हणतात की लाटा सातच्या लगडीने येतात आणि त्या मोजूनच होडीला आत घ्यायची वेळ कळे. मला हे शेवटचे स्पष्टीकरण सर्वांत जवळचे वाटते, ते खरे असो वा नसो. विधवा काळा पोशाख घालत.

1889 मध्ये प्राया आणि सीतियू यांना जोडणारी कड्यावरची दोरगाडी सुरू झाली. 318 मी. लांबीचा आणि 42 टक्के चढाचा हा मार्ग राऊल मेस्निये दु पोंसार या अभियंत्याने आखला. लिस्बनची लोखंडी सांता जुस्ता लिफ्टही त्याचीच. वाफेवर चालणारी ही गाडी 1963 च्या अपघातानंतर बंद पडली आणि 1968 मध्ये विजेवर पुन्हा धावू लागली. एव्हाना समुद्रस्नानाला येणाऱ्या शहरी कुटुंबांचे नाझारे हे ठरलेले ठिकाण झाले होते.

1980 च्या दशकात पुळणीच्या दक्षिण टोकाला, आल्कोआच्या मुखाजवळ, अखेर बंधाऱ्यांचे सुरक्षित बंदर झाले. होड्या तिकडे गेल्या, बैल आणि त्यांच्या जागी आलेले ट्रॅक्टर गेले, आणि पुळण रंगीत कापडी राहुट्यांना मोकळी झाली. त्या बंदराने किती जीव वाचवले असतील याचा विचार केला तर जुने चित्र हरपल्याची खंत फार ताणू नये. बायका मात्र किनाऱ्यावरच राहिल्या. रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून, भाड्याच्या खोल्यांची पाटी हातात धरून बसलेली सात परकरांची आजी नाझारेला येणाऱ्याला आधी भेटते.

आणि मासळी सुकवणेही त्यांच्याच हातात राहिले आहे. पुळणीवर एका बाजूला लाकडी चौकटी तिरक्या मांडलेल्या असतात, त्यांवर जाळे ताणलेले. कारापाव नावाचा मोठ्या डोळ्यांचा, बांगड्याएवढा मासा पाठीपोटाने उघडून, साफ करून, मिठाच्या पाण्यातून काढून या जाळ्यावर पसरतात. डोके तसेच ठेवतात, त्यामुळे सगळी रांग आकाशाकडे बघत असल्यासारखी दिसते. दोन-तीन दिवसांच्या उन्हावाऱ्यात तो खडखडीत वाळतो. एखाद्या दिवसातच उचललेला अर्धओला मासा भाजून किंवा उकडून बटाट्याबरोबर खातात. ऑक्टोपस आणि तार्लीही अशाच वाळतात. चौकटींच्या मागे बाया छत्रीखाली बसून दिवसभर मासे उलटत असतात आणि गिऱ्हाईक थांबले की हातातलाच एक तुकडा तोडून चाखायला देतात.