पीटीचा तास गणिताला गेला, त्याच्या आधीची गोष्ट

दहावीतला मुलगा संध्याकाळी मोबाईल घेऊन लोळत पडलेला दिसला की आपण लगेच म्हणतो, हल्लीची पोरं आळशी झालीत. मला हे पटत नाही. आधीची पोरं काय फार शहाणी होती म्हणून मैदानावर जायची असं नाही, तिथे शिट्टी घेऊन कोणीतरी सर उभे असायचे, मित्र असायचे, मैदान चालत जाण्याएवढं जवळ असायचं आणि ही सगळी सोय कोणीतरी मुद्दाम, खपून उभी केलेली होती.

तालमी तर आपल्याकडे जुन्याच. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी बाळंभटदादा देवधर होते, मल्लखांब त्यांनी पुन्हा चालू केला म्हणतात (सप्तशृंगीच्या दृष्टांताची कथा पण जोडलेली आहे, ती कथा म्हणूनच घ्या). पण तालीम म्हणजे लाल माती, लंगोट, पहाटेचे जोर-बैठका, कुस्ती धरणाऱ्यांचं काम. साध्या शाळकरी पोरांसाठी पद्धतशीर मैदान उभं राहिलं ते विसाव्या शतकात. १९०६ ला पुण्यात डेक्कन जिमखाना निघाला, १९१४ ला तिथेच खोखोचे नियम ठरवले गेले, त्याच वर्षी अमरावतीला वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं, मग १९२४ ला पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांचं महाराष्ट्रीय मंडळ, १९२५ ला दादरचं समर्थ व्यायाम मंदिर. वीसेक वर्षांत एवढं सगळं!

आता हे कशासाठी, तर पोरांचं मन प्रसन्न राहावं म्हणून वगैरे अजिबात नाही. इंग्रजांचं राज्य, देशाला धट्टीकट्टी पोरं पाहिजेत हा विचार. म्हणूनच संस्थांच्या नावात मारुती आणि समर्थ दिसतात. औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, तर संस्थानातल्या शाळांमधे सूर्यनमस्कारच चालू केले. अमरावतीच्या मंडळाचं पथक १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आलं. आणि १९३८ ला कांदिवलीला सरकारी संस्थेत व्यायाम शिक्षक तयार करायला सुरवात झाली, आपले पीटीचे सर त्याच परंपरेतले.

मग बिघडलं कुठे? माझ्या मते एका दिवसात काहीच बिघडलं नाही. स्वातंत्र्य मिळालं, देशासाठी शरीर कमवा म्हणायचं कारण संपलं आणि त्या जागी दुसरं कारण कोणी दिलंच नाही. दहावीचे टक्के मात्र मोठे होत गेले. आमच्या शाळेत पीटीचा तास दिवाळीनंतर हळूच गणिताला जायचा आणि आम्ही कोणी, घरच्यांनीसुद्धा, हूं का चूं केलं नाही. पुढे क्लासची वेळ नेमकी संध्याकाळची ठरली, गल्लीत गाड्या लागल्या, सोसायटीत बॉल खेळायचा नाही अशा पाट्या आल्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान हवं असं लिहिलंय, पण मजल्यावर मजले चढवलेल्या शाळा तुम्हीपण बघितल्या असतील.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल पाहिजे. त्यांच्याच अभ्यासात २०१६ साली जगातल्या ११ ते १७ वयाच्या ८१ टक्के मुलामुलींची तेवढी होत नव्हती, म्हणजे हा रोग काही फक्त आपला नाही आणि करोनाच्या आधीचाच आहे. हालचालीने झोप सुधारते, उदासी कमी होते हे आता डॉक्टर सांगतात, शंभर वर्षांपूर्वी या भाषेत कोणी बोलत नव्हतं.

त्या अभ्यासात मुलींचा आकडा ८५ आहे आणि मुलांचा ७८. आपल्याकडे तर मैदान मुळात मुलांचंच. मुलींना दोरीचा मल्लखांब मिळाला, खोखो मिळाला, पण वयात आली की अंधाराच्या आत घरी ये हे सुरू, आणि हिवाळ्यात अंधार पडतो सहाला! तरी जानेवारी २०२५ ला दिल्लीत खोखोचा पहिला वर्ल्ड कप झाला तेव्हा भारताच्या दोन्ही टीम जिंकल्या आणि दोन्हीचे कॅप्टन आपल्या महाराष्ट्राचेच, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. फक्त मॅचेस झाल्या त्या बंद स्टेडियममधे, मॅटवर.