साठ टक्के म्हणजे नक्की किती?

तीन लॅपटॉपमधून एक निवडायचाय. ‘अ’ची बॅटरी १० तास चालते, वजन १,४०० ग्रॅम. ‘ब’ ८ तास, १,२०० ग्रॅम. ‘क’ ६ तास, १,६०० ग्रॅम. बॅटरीला ६० टक्के महत्त्व द्यायचं, वजनाला ४०. पण तास आणि ग्रॅम यांची बेरीज करायची कशी? आकडे तसेच मिळवले तर हजारांतल्या ग्रॅमपुढे आठ-दहा तासांचा टिकावच लागणार नाही. शिवाय बॅटरी जास्त हवी, वजन कमी.

म्हणून प्रत्येक निकष आधी ० ते १ या पट्टीवर बसवतात. यादीतल्या सर्वांत वाईट आकड्याला ०, सर्वांत चांगल्याला १, बाकीचे त्या प्रमाणात मध्ये. मग प्रत्येक आकड्याला त्याच्या टक्क्यांनी (०.६ किंवा ०.४) गुणून बेरीज करतात. ‘अ’ची बेरीज होते ०.६ + ०.२ = ०.८, ‘ब’ची ०.३ + ०.४ = ०.७, ‘क’ची शून्य. ‘अ’ जिंकला.

आता यादीत ‘ड’ घाला: बॅटरी जेमतेम २ तास, वजन १,६०० ग्रॅम. तो कुणीच घेणार नाही. पण त्याच्यामुळे बॅटरीची पट्टी ६ ते १० ऐवजी २ ते १० झाली आणि ‘ब’चे ८ तास ०.५ वरून ०.७५ वर चढले. ‘ब’ची बेरीज ०.४५ + ०.४ = ०.८५, ‘अ’ ०.८ वरच. दोन्ही लॅपटॉप होते तसेच आहेत, टक्केही तेच, तरी पहिला नंबर फिरला! ही पद्धत वापरणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी हाताने करून बघावं, असं मला मनापासून वाटतं.

गोम पट्टीच्या लांबीत आहे. पट्टी ४ तासांची होती तेव्हा एका तासाला ०.१५ गुण होते. ८ तासांची झाल्यावर ०.०७५ उरले. तासाचं मोल निम्म्यावर आलं, कागदावर मात्र ६० टक्केच.

यावर उतारा म्हणजे पट्टीची टोकं आधीच पक्की करणं. देशांची प्रगती मोजणाऱ्या मानव विकास निर्देशांकात आयुर्मानाची टोकं २० आणि ८५ वर्षं अशी बांधलेली आहेत. पुरुषांच्या डेकॅथलॉनमध्ये, म्हणजे दहा मैदानी प्रकारांच्या एकत्र स्पर्धेत, १०० मीटरला १८ सेकंद लागले तर शून्य गुण, मग बाकीचे कसेही धावोत.

टोकं ठरवताना एक प्रश्न उपयोगी पडतो: बॅटरीच्या एका जादा तासासाठी मी किती ग्रॅम जास्त उचलायला तयार आहे? वजनाच्या ४०० ग्रॅमच्या पट्टीला ०.४ गुण, म्हणजे १०० ग्रॅमला ०.१; त्यामुळे पहिल्या यादीने आपल्या वतीने १५० ग्रॅम ठरवले होते, दुसरीने ७५. ‘अ’ घेतला तर २ तासांसाठी २०० ग्रॅम जास्त उचलावे लागतात, म्हणजे तासाला १००. तुमचं उत्तर शंभराच्या वर असेल तर ‘अ’ घ्या, खाली असेल तर ‘ब’.