लोन बुडालं तर घर जातं का? जरा मागची गोष्ट

इंदूरला आपल्या लोकांत, रामबाग असो की लोकमान्य नगर, भाच्याच्या नाहीतर जावयाच्या धंद्याच्या लोनवर गॅरंटर म्हणून सही केलेला एखादा काका सापडतोच. धंदा डुबला, बँकेची नोटीस आली की घरात एकच चर्चा, घर जाणार का आणि रजिस्ट्री काकूच्या नावावर फिरवून टाकायची का. त्यासाठी आधी हे बघायला हवं की सावकाराला नक्की काय धरता येतं, कारण ते बदलत बदलत इथवर आलंय.

पूर्वी वसुली म्हणजे माणसालाच गाठायचं. सावकार दारात धरणं धरून बसायचा, देवाचा कोप होईल अशी भीती घालायचा, आणि हे इतकं चालायचं की १८६० च्या इंडियन पीनल कोडमध्ये कलम ५०८ ला उदाहरण म्हणून चक्क दारात धरणं धरणारा माणूसच दिला होता! पण सगळं सावकाराच्याच बाजूने होतं असंही नाही, दामदुपटीचा नियम होता, म्हणजे साचलेलं व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नाही. मनुस्मृतीपासूनचा हा नियम मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनी इंग्रजी राज्यातही पाळला.

बापाचं कर्ज मुलाने फेडायचं हाही नुसता रिवाज नव्हता, कोर्टं ते वडिलोपार्जित इस्टेटीतल्या मुलाच्या वाट्यातून वसूल करून द्यायची (दारू-जुगाराचं देणं सोडून). २००५ ला हिंदू वारसा कायद्याच्या दुरुस्तीने मुलींना इस्टेटीत हक्क मिळाला हे सगळ्यांना पाठ आहे पण त्याच दुरुस्तीने मुला-नातवांवरची ही जबाबदारीही पुढच्या कर्जांपुरती काढून टाकली, ते कोणी सांगत नाही. अर्थात बाप गेल्यावर जे वारशाने हातात आलं तेवढ्यापुरतं देणं राहतंच.

नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, कायदा आधी १८२८ ला कलकत्ता, मुंबई, मद्रासपुरता आला, बाकी मुलखासाठी १९०७ ला आणि मग १९२० चा प्रोव्हिन्शियल इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट, ज्यात ५०० रुपयांच्या कर्जावर अर्ज करता येतो. सामान्य माणसासाठी अजून तोच चालतो बरं का, २०१६ चा नवा इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी कोड आला तरी त्यातला साध्या माणसांचा भाग लागूच केलेला नाही. जप्तीतून काय सुटतं ते सिव्हिल प्रोसिजर कोडच्या कलम ६० मध्ये आहे: नेसायचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची अवजारं, शेतकऱ्याचं राहतं घर आणि धर्माप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत ते दागिने, म्हणजे आपलं मंगळसूत्र. सिव्हिल जेल अजून आहे पण जास्तीत जास्त ३ महिने, आणि पैशाच्या डिक्रीसाठी (पैसे भरा अशा कोर्टाच्या निकालासाठी) बाईला अटक करता येत नाही.

कंपन्यांचं वेगळं. १९८५ च्या आजारी कंपन्यांच्या कायद्यात प्रकरणं वर्षानुवर्षं पडून राहायची म्हणून हाच २०१६ चा कोड आणला, त्यात आता ३३० दिवसांची हद्द आहे, ती किती पाळली जाते ते सोडा.

काकाचं प्रकरण इथेच अडकतं. १८७२ च्या काँट्रॅक्ट ॲक्टप्रमाणे जामीनदाराचं देणं मूळ कर्जदाराएवढंच, बँक पहिल्यांदा त्याच्याकडेही येऊ शकते. त्यात १ डिसेंबर २०१९ पासून कंपनीचे पर्सनल गॅरंटर नव्या कोडखाली आले, काहींनी सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं पण मे २०२१ ला कोर्टाने सरकारची अधिसूचना कायम ठेवली. या कोडखाली बोजा नसलेलं एक राहतं घर सुटतं खरं पण शहरात त्याची किंमत २० लाखांच्या आत पाहिजे, आणि इंदूरमध्ये २० लाखांत आता काय येतं ते तुम्हीच बघा. घर बँकेकडे गहाण असेल तर ही सूटही नाही, २००२ च्या सरफेसी कायद्याने बँक कोर्टात न जाता नोटीस देऊन ६० दिवसांनी ताबा घ्यायला निघू शकते.

राहिलं काकूच्या नावावर फिरवण्याचं. सावकाराला किंवा बँकेला चुकवायला केलेलं हस्तांतरण रद्द करवून घेता येतं हे १८८२ च्या ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टमध्ये कलम ५३, आणि १९२० च्या कायद्यातही नेमकं कलम ५३च, तिथे नादारीचा अर्ज दाखल होण्याआधीच्या २ वर्षांतलं फुकट दिलेलं परत ओढता येतं. म्हणजे नोटीस आल्यावर गिफ्ट डीड करायला धावलात तर स्टँप ड्यूटीही जाईल आणि वर जजसमोर इरादाही उघडा पडेल.